एका दाराला दोन कुलपं

२ मार्च, सोमवार

ही डायरी कुलपांच्या कंपनीने फुकट दिलेली. जानेवारीपासून रिकामीच पडली होती. आज हिने ती माझ्यापुढे आपटली आणि म्हणाली, "अहो, दिवसभर त्या कॉम्प्युटरला शिव्या घालता, त्या इथे लिहा. त्याला ऐकू येत नाही आणि मला ऐकवत नाही." गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हिची जीभ दुप्पट चालते. पाय चालत नाही ना, त्याची भरपाई.

तर लिहितो. मी कुलूपवाला. पुढे दुकान, मागे छोटी खोली, तिथे कॉम्प्युटर, आणि जिना चढलं की घर. सकाळी दुकानात बसतो, दुपारी पिशवी घेऊन बाहेर पडतो, कारण लोक दुपारीच स्वतःला घराबाहेर कोंडून घेतात.

आज भिंगरीचा निरोप आला. भिंगरी म्हणजे आमची एकुलती एक. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून हे नाव पडलं. चार वर्षांपूर्वी ती रात्रभराच्या अंतरावरच्या शहरात गेली, नाटकांचे दिवे सांभाळायला. आजवर दुसऱ्याच्या हाताखाली शिड्या चढत होती. आता पहिल्यांदाच अख्ख्या नाटकाची प्रकाशयोजना तिची. जाहिरातीवर तिचं नाव आहे! शनिवारी एकवीस तारखेला संध्याकाळी सातला पहिला प्रयोग. नाट्यगृहवाले तो त्यांच्या वेबसाइटवर दाखवणार, पण त्याच वेळी आणि एकदाच. नंतर ठेवणार नाहीत.

जायचं म्हटलं तर हिला डॉक्टरांनी बसचा प्रवास बंद केलाय, आणि हिला सोडून मी एकटा जाणार नाही. माझा फोन बटणांचा. हिच्या फोनची काच तडकून अर्धी काळी झालेली, बोलण्यापुरता उरलाय. म्हणजे बघायचं तर कॉम्प्युटरवरच.

मी लगेच ते पान उघडून बघितलं. पांढरा पडदा आणि मधोमध एक ओळ: 'आपला ब्राउझर फार जुना आहे. कृपया दुसरा वापरून पाहा.' जुना म्हणे! मी कुलूप दुरुस्त करायला घेतो तेव्हा गिऱ्हाइकाला असं तोंडावर सांगत नाही.

३ मार्च, मंगळवार

रात्रभर विचार केला. दुसरा ब्राउझर घेणं म्हणजे कुलूप बदलणं. मी हजारो बदललीत, त्यामुळे मला कुणी शिकवायला नको. नवं बसवायचं तर जुनं आधी उचकटून काढावं लागतं. दाराला भोक एकच. आणि जुनं काढलं की त्याच्या सगळ्या किल्ल्या भंगारात.

तसंच इथे. नवा ब्राउझर आला की हा जाणार, आणि याच्याबरोबर यात उघडे ठेवलेले माझे सगळे टॅब जाणार. मी टॅब बंद करत नाही. काम संपलं नसेल तर दुकानही मी बंद करत नाही. हिला हे बोलून दाखवलं नाही. कुलूपवाल्याने कुलपाबद्दल बायकोला विचारायचं म्हणजे झालंच!

५ मार्च, गुरुवार

आज उघडे टॅब तपासले, कोणते गेले तर चालतील ते बघायला. तिजोरीच्या जुन्या किल्ल्यांचं पान: लागतं. कानशींच्या दुकानाचं पान: लागतं. 'दाढ ठणकत असल्यास काय करावे': सध्या फारच लागतं.

आणि अगदी डावीकडे बसचं पान. भिंगरी गेली त्या रात्री तिने मला बस कुठवर आली ते दाखवणारं पान उघडून दिलं होतं. नकाशावर एक ठिपका सरकत होता. पहाटे तो थांबला आणि खाली आलं, 'बस पोहोचली आहे.' तेव्हापासून ते तसंच आहे. सकाळी कॉम्प्युटर लावला की मी आधी त्यावर एक नजर टाकतो. कारण उघड आहे, कधी त्या बस कंपनीचा फोन नंबर लागला तर शोधाशोध नको. हा टॅब गेला तर गैरसोय होईल. बाकी काही नाही.

८ मार्च, रविवार

रविवारी संध्याकाळी भिंगरीचा फोन असतो. मी विचारलं, "दाराला आतून कडी घातलीस का?" ती म्हणाली, "घातली, बाबा." मी म्हटलं, "लॅचवर विसंबू नकोस. लॅच म्हणजे दाखवायचे दात." ती म्हणाली, "दातांवरून आठवलं, तुमची दाढ कशी आहे? लवंगेचं तेल लावलंत का?"

माझ्या हातातून फोनच पडायचा. दाढेबद्दल मी तिला एक अक्षर बोललो नव्हतो! उगाच लांबून काळजी करत बसेल म्हणून. हिला विचारलं, "तू सांगितलंस?" ही भाजी निवडत होती. म्हणाली, "मी फोनवर काय बोलले ते तुमच्यासमोरच तर बोलले." ते खरं. फोन माझ्याच हातात होता.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दाढेचं मी सांगितलं ते फक्त ब्राउझरला. पेपरात येतं ना, हे ब्राउझर आपण काय शोधतो ते जगभर सांगत सुटतात. मी पासवर्ड कधी त्यात जपून ठेवत नाही. 'पासवर्ड लक्षात ठेवू का' असं विचारतो तो. किल्ली दाराशेजारीच टांगू का विचारल्यासारखं. पण दाढेचं नाही सुचलं. घरचा भेदी म्हणतात तो हाच. आता याला काढायला एक कारण मिळालं.

१० मार्च, मंगळवार

पण नवा तरी साधू असेल कशावरून? आगीतून फुफाट्यात पडायचो.

समोरच्या फोटोवाल्याकडे गेलो. तो दिवसभर कॉम्प्युटरवर लोकांच्या सुरकुत्या पुसत बसतो, त्याला कळायला हवं. तो म्हणाला, "कुलूपराव, एवढा विचार लग्नाच्या वेळी केला होता का? हा घ्या, निळ्या शिंपल्याच्या चित्राचा. मी तोच वापरतो. वेगात चालतो, चुगल्या कमी करतो." मी म्हटलं, "आणि माझे टॅब?" तो म्हणाला, "ते नव्याच्या ताब्यात देता येतात की. एक बटण दाबा, सगळे उचलून नेतो."

सगळे उचलून नेतो! आजच आलेल्या अनोळखी माणसाच्या हातात घरातल्या झाडून सगळ्या किल्ल्या द्यायच्या? मी त्याच्या चहाला नाही म्हटलं आणि उठलो. मग परत बसून चहा घेतला, कारण त्याने ओतला होता.

१२ मार्च, गुरुवार

एका गिऱ्हाइकाने टोकलं, दुकानात अंधार फार. खिडकीतली नमुन्याची फळी प्रकाश अडवते म्हणाला. ही फळी माझ्या वडिलांची. तिच्यावर जुन्या कुलपांच्या पितळी पट्ट्या ठोकल्यात, प्रत्येकीला किल्लीचं भोक वेगळं, आतलं कुलूप काढून टाकलेलं, भोक फळीतून आरपार. गिऱ्हाइकाने बोट दाखवायचं, "माझं असलं आहे." हल्ली कुणी बोट दाखवत नाही, फोनवर फोटो दाखवतात. काढावी झालं. उजेड तरी येईल.

जेवताना हिला म्हटलं तर ही ताडकन म्हणाली, "फळीला हात लावायचा नाही." मी म्हटलं, "तुला काय तिचं?" तर विषय बदलून म्हणे, "आज तिकडे धो धो पाऊस आहे." मी विचारलं, "तिकडे म्हणजे?" "भिंगरीकडे." "तुला कसं कळलं?" "वाटलं."

आईचं काळीज म्हणतात ते असं. मला आपलं कधी काही वाटत नाही.

१५ मार्च, रविवार

कहर झाला! फोनवर भिंगरी म्हणाली, "बाबा, ती नमुन्याची फळी काढू नका हं. निदान मी येईपर्यंत."

आता फळीचं मी कॉम्प्युटरवर टाइपही केलेलं नाही. फक्त जेवताना बोललो होतो, आणि माझं जेवण मागच्या खोलीतच असतं, कारण हिला जिना चढउतार नको. म्हणजे हा नुसता वाचत नाही, ऐकतोसुद्धा.

भिंगरीने विचारलं, "शनिवारी बघणार ना?" मी म्हटलं, "म्हणजे काय! बघणारच." ती म्हणाली, "तुम्ही बघताय असं समजून मी शेवटचा दिवा लावणार आहे." मी कडीबद्दल विचारून फोन ठेवला. पोरीला शब्द दिलाय आणि इथे अजून ब्राउझरचा पत्ता नाही.

१६ मार्च, सोमवार

कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला. मागच्या खोलीत कुजबुजून बोलायचं ठरवलं. मी हिला हळूच म्हटलं, "मीठ दे." ही मोठ्याने म्हणाली, "काय?" मी टॉवेलकडे बोट दाखवलं. ही आधी बघत राहिली आणि मग इतकी हसली की गुडघा धरून बसावं लागलं.

म्हणाली, "अहो, दुपारी मला तो लागतो, टॉवेल काढून ठेवत जा." दुपारी मी बाहेर असतो तेव्हा ही त्यावर भरतकामाचे नमुने बघते. त्यासाठीचं तिचं काहीतरी वेगळं आहे, खाली कोपऱ्यात एक निळं चित्र आहे, शिंपलीसारखं. मी त्याला हात लावत नाही. तिच्या सुईदोऱ्याच्या डब्याला मी हात लावतो का? खुर्चीला तिचे हेडफोन लटकत असतात. भरतकाम बघताना गाणी ऐकत असेल. बरं आहे, बिचारीला दुसरा विरंगुळा काय आहे!

१८ मार्च, बुधवार

एका बाईंच्या घराचं लॅच बदललं. त्यांना विचारलं, जुनं हवंय का? त्या म्हणाल्या, "नको हो, फेकून द्या." लोकांना किती सोपं असतं. मी मात्र पिशवीत टाकून घरी आणलं. आमच्या दुकानात असली एक पेटी भरलीय, ही तिला म्युझियम म्हणते.

ठरवलं. शुक्रवारी रात्री जुना काढायचा आणि नवा बसवायचा. दाढ, कानस, तिजोरी, सगळं जाऊ दे. पुन्हा शोधता येईल. बसचं पान पुन्हा शोधता येणार नाही, ती रात्र एकदाच झाली. म्हणजे, फोन नंबरची अडचण होईल एवढंच.

१९ मार्च, गुरुवार

फोटोवाल्याला बोलावलं. म्हटलं, "पडद्याचा एक फोटो काढून द्या. चांगला, मोठा." तो मोठा कॅमेरा, तिवई आणि दोन छत्र्या घेऊन आला. त्याला वाटलं आम्हा दोघांचा काढायचाय. हीसुद्धा केस विंचरून बसली.

मी बसचं पान समोर केलं. 'बस पोहोचली आहे.' फोटोवाल्याने ते वाचलं, तारीख वाचली, माझ्याकडे बघितलं. काच चमकू नये म्हणून छत्र्या तीनदा हलवल्या आणि फोटो काढला. मग म्हणाला, "आता तुम्हा दोघांचा." तोही काढला. पैसे विचारले तर म्हणाला, "माझ्या कपाटाची किल्ली करून द्या कधीतरी."

मी त्याला दारापर्यंत सोडायला गेलो. परत आलो तर ही पडद्यासमोर उभी होती. काठी न घेता! मी ओरडलो. ही म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही हे बंद करायला विसरलात." मी म्हटलं, "बस कंपनीचा नंबर आहे त्यात." ही म्हणाली, "हो का," आणि माझ्यासाठी चहा टाकायला गेली, साखर जास्त घालून.

२० मार्च, शुक्रवार

नाही झालं माझ्याच्याने. बटणावर बोट ठेवलं आणि काढलं. उद्या सकाळी नक्की.

२१ मार्च, शनिवार, दुपार

सकाळी एक म्हातारे गृहस्थ न्हाणीघरात अडकले, तिकडे जावं लागलं. कडी गंजलेली, दोन तास गेले. ते आतून मला त्यांच्या जावयाच्या तक्रारी सांगत होते. परत येतो तर दुपार झालेली. आता लिहीत बसत नाही. हातातून दुकानाची किल्ली दोनदा पडली. माझे हात! ज्यांनी बँकेची तिजोरी उघडलीय!

२२ मार्च, रविवार

कालचं सगळं आज लिहितो, कारण काल लिहिण्याच्या स्थितीत नव्हतो.

संध्याकाळी सहाला बसलो. ही शेजारी, पाय स्टुलावर. मी बसच्या पानाकडे एकदा बघून घेतलं. मग निळ्या शिंपल्याच्या ब्राउझरचं पान उघडलं आणि डोळे मिटून बटण दाबलं. डोळे उघडले तर समोर ओळ: 'हा ब्राउझर या संगणकावर आधीपासूनच आहे.'

मी दचकलोच. म्हटलं, "घरात कुणीतरी शिरलंय! माझ्या नकळत कुलूप बसवून गेलंय!"

ही म्हणाली, "शिरलंय ना. बारा महिने झाले. तुमच्यासाठी स्वयंपाकही करतंय." आणि हात लांब करून तिने कोपऱ्यातल्या त्या शिंपल्यावर टिचकी मारली. उघडला! डोळ्याचं पातं लवायच्या आत! आणि आत भरतकाम वगैरे काही नव्हतं. होतं ते समोरासमोर बघत बोलायचं पान, आणि त्यावर भिंगरीचा हसरा फोटो. खाली लिहिलेलं, 'शेवटचं बोलणं: काल दुपारी.'

मी म्हटलं, "काल?"

ही म्हणाली, "रोज. तुम्ही पिशवी घेऊन बाहेर पडलात की."

"मग दाढ?"

"मीच."

"फळी?"

"मीच. आणि पाऊस मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, तिच्या खिडकीतला."

मला संताप आला. खोटं कशाला लिहू? मी म्हटलं, "वर्षभर! मला का नाही बोलावलंत?" ही शांतपणे म्हणाली, "कारण तुम्ही आलात की तिसऱ्या वाक्याला तिच्या दाराच्या कडीवर येता. मग ती हो बाबा, हो बाबा करते आणि गप्प होते. मला तिच्याशी बोलायचं होतं हो." आणि मग हिचे डोळे भरून आले. "ती तिकडे, मी हा पाय धरून इकडे. दुपार खायला उठायची." माझा राग तिथेच विरला. मला वाटलं होतं ही गाणी ऐकते.

मग मला जुन्या ब्राउझरची आठवण झाली. म्हटलं, "अगं, पण हा उघडला म्हणजे तो गेला!" हिने पडद्यावर खाली दाखवलं. जुना तिथेच होता. मी उघडला. तिजोरी, कानस, दाढ आणि अगदी डावीकडे बस. सगळं जागच्या जागी. एका दाराला दोन कुलपं! मी विचारलं, "हे कसं शक्य आहे?" ही म्हणाली, "दार कशाला समजता? खिडक्या समजा. एका भिंतीला दोन असल्या म्हणून काय बिघडतं?"

तीन आठवडे मी झुरतोय, फोटो काढून घेतोय, आणि वस्तू हिच्या भरतकामाच्या जागी बसलेली. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी तसं म्हटलं तर ही म्हणाली, "कळसा माझ्या काखेत होता. वळसा तुमचा."

तेवढ्यात सात वाजले. नाट्यगृहाचं पान उघडलं, मुकाट्याने, काहीही न विचारता. नाटक एका बाईचं होतं. ती जुनं घर सोडून जाते आणि शेवटी परत येते. मला गोष्टीतलं फार कळलं नाही, मी सारखा दिवेच बघत होतो. कुठला कधी लागतो, कुठला कधी मावळतो. ही मला कोपर मारून म्हणाली, "माणसं बघा की." मी म्हटलं, "माणसं आपली नाहीत. दिवे आपले आहेत."

शेवटी ती बाई दार उघडते आणि सगळा रंगमंच अंधारतो. मग जमिनीवर एक उजेडाचा ठिपका उमटला. वर गोल, खाली निमुळता. मग दुसरा, जरा लांबट. मग तिसरा, वर पाकळीसारखा. मी खुर्चीतून उठलो. ती माझी फळी होती! दुपारी उन्हं खिडकीत आली की दुकानाच्या जमिनीवर फळीच्या भोकांचे असेच ठिपके पडतात, आणि भिंगरी लहान असताना त्यांच्यावर एकेक पाय ठेवत दुकानभर उड्या मारायची. मी ओरडायचो, कानशी पडतील म्हणून. आता ती बाई रंगमंचावर त्याच ठिपक्यांवर पाय ठेवत ठेवत घरात आली.

मी रडलो. लाज कसली, माझी पोरगी आहे. ही पण रडली. मग पडद्यावर नावं आली आणि तिचं नाव आलं. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाला धावत आला, काय झालं बघायला.

तासाभराने त्या शिंपल्यात भिंगरी दिसली, केस विस्कटलेले, गालाला काळं लागलेलं. म्हणाली, "बाबा, बघितलंत?" मी म्हटलं, "फळी काढत नाही मी." ती हसायला लागली. मी पुढे काही बोलणार तोच ती म्हणाली, "कडी आहे, लॅच आहे, वर साखळीही आहे." मी म्हटलं, "मी ते विचारतच नव्हतो. जेवलीस का, विचारत होतो." हिने माझ्याकडे असं बघितलं, जसं ऑपरेशननंतर स्वतःचं पहिलं पाऊल टाकताना बघितलं होतं.

२५ मार्च, बुधवार

आता दुपारची कामं जरा उशिराने घेतो. आधी तिघे बोलतो. मला पहिली दहा मिनिटं कुलपांविषयी बोलायची मनाई आहे. दाढ काढून टाकली.

२७ मार्च, शुक्रवार

प्रयोगांना चार दिवस सुट्टी आहे. भिंगरी घरी येतेय! आज संध्याकाळच्या बसने निघाली. निघताना तिने न मागता मला बस कुठवर आली ते दाखवणारं पान पाठवून दिलं. आठवणीने! तिला नेमकं हेच पाठवावंसं कसं वाटलं कोण जाणे. मी हिला विचारलं तर ही म्हणाली, "वाटलं असेल." हल्ली बसवाले सगळ्यांनाच पाठवत असतील.

ते पान मी नव्या ब्राउझरमध्ये उघडलं, माझ्या माझ्या हाताने. नकाशा आला, ठिपका आला. जुन्यात अगदी डावीकडचा टॅब अजून होताच. मी दोन्हींकडे आळीपाळीने बघत बसलो. मग जुना बंद केला. हिने विचारलं, "आणि कंपनीचा नंबर?" मी म्हटलं, "नकोय."

आता समोर एकच आहे. ठिपका हळूहळू आमच्याकडे सरकतोय, आणि खाली लिहिलंय, 'बस निघाली आहे.'